अकिलीसचं झाड आणि दगडी पाला

गेल्या वर्षी फेब्रुवारीत मी ऑनलाइन यॅरोचं बी मागवलं. पाकिटावर लिहिलं होतं : बुटकी जात, भरपूर ऊन, कमी पाणी. मोशीतल्या चौथ्या मजल्यावरच्या, पश्चिमेला तोंड असलेल्या आमच्या गॅलरीचं याहून नेमकं वर्णन कुणी करू शकलं नसतं. दुपारी दोननंतर तिथे असं ऊन येतं की धुतलेले कपडे तासाभरात पापडासारखे कडक होतात. आणि पाणी कमी आहे हे पिंपरी-चिंचवडच्या माणसाला वेगळं सांगायला नको. २०१९ च्या नोव्हेंबरपासून इथे नळाला पाणी एक दिवसाआड येतं. सुरुवात झाली तेव्हा ते तात्पुरतं होतं.

बी इतकं बारीक होतं की शिंकलं असतं तर गेलं असतं. ते मातीत पुरायचं नसतं, नुसतं वर भुरभुरायचं, कारण त्याला उगवायला उजेड लागतो. आठ-दहा दिवसांत हिरवी लव दिसली. पानं बडीशेपेच्या पानांसारखी, पिसासारखी चिरलेली. चुरगाळली की कापरासारखा उग्र वास. एप्रिल गेला, मे गेला. मध्ये दोन-तीनदा पाणी घालायचं राहून गेलं, तरी रोपं जमिनीलगत घट्ट बसून होती. मी फोटो काढले, स्टेटसला टाकले. फूल काही आलं नव्हतं, पण येईल असं वाटत होतं.

जूनमध्ये पाऊस सुरू झाला आणि जुलैच्या मध्यापर्यंत सगळं संपलं. बुडाशी काळं पडलं, बोट लावलं की रोप हातात यायचं. मुळाला कुजका वास. उन्हाने न मेलेलं झाड पाण्याने मेलं.

त्याच कुंडीच्या काठाला दुसरंच काहीतरी उगवलं होतं. खरबरीत, केसाळ, दातेरी पानं, आणि त्यातून वर आलेला एकच लांब बारीक दांडा. दांड्याच्या टोकाला नखाएवढं पिवळं फूल, भोवती फिकट पांढऱ्या चार-पाच पाकळ्या. आई ते उपटायला निघाली तेव्हा बाबा म्हणाले, "राहू दे गं. दगडी पाला आहे तो."

हा लेख त्या एका कुंडीतल्या दोन झाडांबद्दल आहे. आणि थोडा पाण्याबद्दल, कारण पिंपरीत बागेबद्दल बोलायचं तर पाणी टाळता येत नाही.

*

यॅरोचं शास्त्रीय नाव अकिलिया मिलेफोलियम. मिलेफोलियम म्हणजे हजार पानांचं. अकिलिया हे अकिलीसवरून, ट्रॉयच्या युद्धातला तो ग्रीक वीर, ज्याची टाच सोडून बाकी सगळं अंग अभेद्य होतं असं नंतरच्या कथा सांगतात. होमरच्या 'इलियड'च्या अकराव्या सर्गात एक प्रसंग आहे. युरिपिलस नावाच्या योद्ध्याच्या मांडीत बाण घुसतो. तो पॅट्रोक्लसला विनवतो, बाण काढ, जखम धू आणि अकिलीसकडून शिकलास ते औषध लाव. अकिलीसला ती विद्या खिरॉन या अर्धघोडा गुरूकडून मिळालेली. पॅट्रोक्लस एक कडू मूळ हातावर चोळून जखमेवर लावतो, ठणका थांबतो, रक्त थांबतं. झाडाचं नाव होमर देत नाही. पुढे रोमन लेखक प्लिनीने अकिलीसच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वनस्पतीची नोंद केली, आणि शतकानुशतकं युरोपच्या औषधी ग्रंथांत ते नाव यॅरोला चिकटत गेलं. लॅटिनमध्ये त्याला सैनिकांचं झाड म्हणत, इंग्रजीतही जुनं नाव त्याच अर्थाचं आहे. कार्ल लिनियसने १७५३ साली 'स्पीशीज प्लांटारम' या ग्रंथात जगातल्या माहीत असलेल्या वनस्पतींना दोन शब्दी नावं दिली, तेव्हा हे नाव कायमचं झालं.

लढायांशिवाय दुसरीही कामं या झाडाकडे होती. चीनमध्ये 'यी जिंग' या ग्रंथावरून भविष्य पाहताना यॅरोच्याच एका भावकीतल्या झाडाच्या पन्नास वाळक्या काड्या वापरत. युनानी वैद्यकात बिरंजासिफ या नावाने ते येतं. होमिओपॅथीच्या पांढऱ्या गोळ्या खाऊन वाढलेल्यांपैकी कुणी 'मिलेफोलियम' हे नाव बाटलीवर वाचलंही असेल, नाकातून रक्त येणाऱ्या मुलांना ते हमखास दिलं जातं. आणि आपल्याकडे हे झाड अगदीच परदेशी नाही. काश्मीरपासून कुमाऊंपर्यंत हिमालयाच्या उतारांवर ते आपोआप उगवतं. म्हणजे भारतात आहे, पण दख्खनमध्ये नाही. थंडी हवी, बर्फ वितळून वाहून जाणारं पाणी हवं, आणि मुळाशी काही साचायला नको.

हे सगळं मी झाड मेल्यावर वाचलं. बहुतेक वाचन असंच होतं.

*

'बुटकी जात, भरपूर ऊन, कमी पाणी' ही भाषा मात्र होमरच्या काळातली नाही. ती गेल्या सत्तर वर्षांतली आहे.

रानातलं यॅरो गुडघ्याच्या वर जातं आणि चांगली माती, शेणखत मिळालं तर आणखी उंच होऊन लोळतं. त्याला आटोपशीर ठेवायचा सोपा मार्ग म्हणजे उपाशी ठेवणं. मुरमाड, हलकी जमीन, दिवसभर ऊन, खत नाही. दुसरा मार्ग संकराचा. १९५० च्या दशकात इंग्लंडच्या नॉरफक परगण्यात ॲलन ब्लूम या नर्सरीवाल्याने 'मूनशाइन' ही जात पुढे आणली, करड्या पानांची, पिवळ्या फुलांची, दोन फुटांच्या आसपास थांबणारी. नंतर त्याहून बुटक्या जाती येत गेल्या. १९८१ साली अमेरिकेतल्या डेन्व्हर शहराच्या पाणीपुरवठा खात्याने कमी पाण्याच्या बागेसाठी 'झेरिस्केप' हा शब्द घडवला. ध्यानात घ्या, शब्द कवीने किंवा माळ्याने नाही, पाणी खात्याने घडवला. यॅरो हे अशा बागांचं ठरलेलं झाड झालं.

या इतिहासातलं मला सगळ्यात आवडलेलं पान बेथ चॅटो या इंग्रज बाईंचं. एसेक्समध्ये त्यांची नर्सरी होती आणि नर्सरीसमोर गाड्या लावायची जागा. १९९१-९२ च्या हिवाळ्यात त्यांनी ते पार्किंग बंद केलं, गाड्यांच्या चाकांनी दगडासारखी झालेली जमीन फोडली, वर खडी पसरली आणि तिथे बाग केली. नियम एकच : लागवडीनंतर या बागेला कधीही पाणी घालायचं नाही. तिथे वर्षाला जेमतेम ५०० मिलिमीटर पाऊस पडतो. बाग जगली, जगप्रसिद्ध झाली, आजही आहे.

पिंपरीच्या माणसाने ही गोष्ट वाचली की त्याच्या डोक्यात आपल्या सोसायटीचं पार्किंग येतं. माझ्याही आलं. पण आकड्यांकडे नीट पाहायला हवं. पुण्यात वर्षाला सुमारे ७०० ते ७५० मिलिमीटर पाऊस पडतो. एसेक्सच्या दीडपट, फार काही जास्त नाही. फरक वाटणीत आहे. तिकडे तो ५०० मिलिमीटर बारा महिन्यांवर पसरतो, दर महिन्याला थोडा थोडा, चिमटीने मीठ घातल्यासारखा. आपल्याकडे तीन चतुर्थांशाहून जास्त पाऊस जून ते सप्टेंबरमध्ये येऊन कोसळतो. बाकीचे आठ महिने जवळपास कोरडे. त्यामुळे पाकिटावरचं 'कोरड्या, सूर्यप्रकाशित बागेसाठी' हे वाक्य इंग्लंडमध्ये एक अर्थ सांगतं आणि मोशीत दुसरा. आपली कोरडी बाग वर्षातले चार महिने पाणथळ असते. तिथे राहायचं तर एकाच झाडाला उंटही व्हावं लागतं आणि बेडूकही.

*

ही अडचण पहिल्यांदा मला आलेली नाही. दीडशे वर्षांपूर्वी पुण्यात इंग्रजांना तीच आली होती.

१८७३ मध्ये गणेशखिंडीत सरकारी वनस्पती उद्यान सुरू झालं. जवळच गव्हर्नरचा बंगला, आजच्या विद्यापीठाची मुख्य इमारत. पुण्याच्या सायन्स कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारे जी. मार्शल वुड्रो या उद्यानाचं काम बघत. त्यांनी 'गार्डनिंग इन इंडिया' नावाचं पुस्तक लिहिलं, त्याच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या. विलायतेतून बियांची पाकिटं मागवायची आणि त्यांवरच्या सूचनांप्रमाणे मार्चमध्ये पेरायची, ही त्या काळच्या मेमसाहेबांची चूक. मार्चमधलं रोप एप्रिलात करपायचं, उरलेलं जुलैत कुजायचं. हळूहळू त्यांना कळलं की इंग्लंडचा वसंत दख्खनमध्ये ऑक्टोबरात येतो. पाऊस गेला की पेरायचं, थंडीत फुलवायचं, उन्हाळा लागला की आशा सोडायची. आजही पुण्यात नर्सरीवाले पिटुनिया, डेझी, फ्लॉक्स याच हिशेबाने लावतात. मला मात्र ही गोष्ट शिकायला १५० वर्षांचा उशीर झाला.

हवामानाशी असं जुळवून घेणं हा एक रस्ता. दुसरा रस्ता पाणी आणायचा, आणि इंग्रजांनी तोही धरला. १८७० च्या दशकात खडकवासल्याला मुठा नदीवर दगडी धरण बांधलं गेलं, कर्नल फाइफ यांच्या देखरेखीखाली. त्याचा कालवा पुण्याच्या बगलेतून पूर्वेला गेला. शेतीला पाणी मिळालं, शहराला आणि छावणीला मिळालं, आणि बंगल्यांभोवती लॉन आली. बंगल्यापुढची हिरवळ ही तेव्हापासून आपल्याकडे प्रतिष्ठेची खूण आहे. आजच्या सोसायटीच्या जाहिरातीत दिसणारं हिरवंगार लॉन आणि त्यावर पळणारं कुत्रं, त्यांचा पूर्वज तो छावणीतला बंगला.

*

पिंपरी तेव्हा या चित्रात नव्हती. पवनेच्या काठच्या गावांचं ते एक गाव. नदीलगत काळी जमीन, वर चढलं की माळरान. बसाल्टच्या कातळावर हातभर मुरूम, त्यावर पावसाळ्यात गुडघाभर गवत आणि मार्चनंतर पिवळी धूळ. शेजारच्या चिंचवडला मोरया गोसावींमुळे नाव होतं, पलीकडे चाकणला किल्ला आणि कांद्याचा बाजार. पिंपरीला फाळणीनंतर सिंधी निर्वासितांचा कॅम्प वसला.

मग १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि पुढच्या वर्षी पेनिसिलिन तयार व्हायला लागलं. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने उभा राहिलेला सरकारचा हा पहिला औषध कारखाना. इथले जुने लोक त्याला नुसतं 'एच.ए.' म्हणतात. माझ्यासाठी या कारखान्याची एक गोष्ट खास आहे. तिथल्या प्रयोगशाळेने मातीतल्या एका सूक्ष्मजीवापासून बुरशीवरचं औषध शोधलं. औषधाचं नाव हॅमायसिन, त्यातलं 'हॅ' हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचं. आणि त्या सूक्ष्मजीवाचं शास्त्रीय नाव 'स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना'. अकिलीसचं नाव जसं एका झाडाला, तसं आपल्या पिंपरीचं नाव एका जंतूला. मला तर याचा अभिमान वाटतो, तुम्हाला हसू आलं तरी हरकत नाही.

एच.ए.च्या मागोमाग बाकीचे आले. १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली, आकुर्डीला बजाज, मग टेल्को, भोसरीत गल्ल्यागल्ल्यांतून सुट्या भागांची वर्कशॉप्स. १९७० ला नगरपालिका, १९८२ ला महानगरपालिका. टेल्कोत सुमंत मुळगावकरांनी ओसाड माळावर शेडच्या बरोबरीने झाडं लावून घेतली आणि तळं राखलं, ती हिरवाई आजही आहे. एवढ्या माणसांना, यंत्रांना आणि झाडांना पाणी हवं होतं. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला मावळात पवना धरण पुरं झालं. गावं उठली. उठलेल्यांपैकी अनेकांच्या पुनर्वसनाचा प्रश्न पन्नास वर्षांनंतरही मिटलेला नाही.

धरणातलं पाणी नदीत सोडायचं, ते रावेतच्या बंधाऱ्यापाशी उचलायचं, निगडीला शुद्ध करायचं आणि शहरात वाटायचं, अशी ही व्यवस्था. वाटेत सुमारे ३५ किलोमीटर नदी वाहते आणि काठची शेतं तिच्यावर पिकतात. महापालिकेने ठरवलं की धरणातून थेट बंद जलवाहिनीने पाणी आणायचं. गळती आणि प्रदूषण टळेल, हा शहराचा हिशेब. नळात पाणी गेलं की नदी कोरडी पडेल, हा मावळच्या शेतकऱ्यांचा. ९ ऑगस्ट २०११, क्रांतिदिनी, ते बऊरजवळ द्रुतगती महामार्गावर उतरले. पोलिसांनी गोळीबार केला. तीन शेतकरी मेले, त्यांत एक बाई होती. जलवाहिनीचं काम पुढे कित्येक वर्षं थांबलं.

मी तेव्हा शाळेत होते. टीव्हीवर ते बघितलेलं आठवतं, पण माझ्या घरच्या नळाशी त्याचा संबंध आहे हे कळलेलं आठवत नाही. त्या संध्याकाळीही पाणी आलं असणार आणि आईने तुळशीला घातलं असणार.

त्याच महामार्गाने मुंबईला जाताना दुभाजकात बघा. कण्हेर आणि बोगनवेल. ऐन मे महिन्यात, डांबराच्या वाफेत फुललेली. दोन्ही उंटही आणि बेडूकही. कोरड्या उन्हातली बाग कशी असते याचं महाराष्ट्रातलं सगळ्यात लांबलचक प्रात्यक्षिक आपण ताशी शंभरच्या वेगाने ओलांडतो आणि सोसायटीत येऊन लॉनसाठी टँकर मागवतो. आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी एकदा म्हटलं, लॉन काढून मुरूम टाकूया, कण्हेर, सदाफुली, झेंडू, कोरफड लावूया. एक काका म्हणाले, "फ्लॅटचे रेट पडतील." आणि विषय संपला. रोज पाणी मागणारं गवत आम्ही एक दिवसाआडच्या पाण्यात जगवतो. एसटीपी चालू असेल तेव्हा त्याच्या पाण्यावर, नसेल तेव्हा टँकरवर.

*

आता दगडी पाला.

त्याला कुठे एकदांडी म्हणतात, कुठे कंबरमोडी. शास्त्रीय नाव ट्रायडॅक्स प्रोकम्बेन्स. मूळचा मध्य अमेरिकेतला. लिनियसकडे मेक्सिकोतल्या व्हेराक्रूझचा नमुना होता. त्याने या झाडाला नाव दिलं ते त्याच १७५३ च्या ग्रंथात, ज्यात अकिलियाला दिलं. दोघंही एकाच कुळातले, सूर्यफूल, शेवंती, झेंडूच्या. एकाला ग्रीक वीर मिळाला, दुसऱ्याला 'प्रोकम्बेन्स', म्हणजे जमिनीवर आडवं पडलेलं.

मिरची, बटाटा, टोमॅटो, झेंडू हेही अमेरिकेतूनच आले, पण ते माणसांनी मुद्दाम आणले. दगडी पाला कुणी मागवला नव्हता. त्याच्या बीला पिसांची छत्री असते, वारा त्याला नेतो. खडी, मुरूम, भिंतीची भेग, रेल्वेचे रूळ, बंद पडलेल्या शेडचा कोबा, कुठेही तो उतरतो. जमिनीलगत पसरतो, दांडा तेवढा वर काढतो. पावसात कुजत नाही, उन्हात करपला तरी बुडातून पुन्हा फुटतो. जवळजवळ वर्षभर फुलतो, आणि बाकी काही फुलत नसतं तेव्हा लहान फुलपाखरं त्याच्यावरच असतात. यॅरोच्या पाकिटावर जे जे लिहिलं होतं, ते सगळं हा करतो. बुटका, भरपूर ऊन, कमी पाणी. अमेरिकेने त्याला त्रासदायक तणांच्या सरकारी यादीत टाकलंय. आपल्याकडे यादीची गरज नाही, दर पंधरा दिवसांनी माळीकाका खुरप्याने काढतातच.

आणि दुसरं साम्य. बाबा जुन्नरकडचे. लहानपणी विळा लागला, ठेच लागली, की आजी बांधावरचा दगडी पाला तोडायची, तळहातावर चोळायची आणि हिरवा रस जखमेवर पिळायची. चरचरायचं, मग रक्त थांबायचं. महाराष्ट्रात हे औषध माहीत नसलेलं गाव शोधावं लागेल. वैद्याकडून शिकलेलं नाही, ग्रंथात पाहिलेलं नाही. परदेशातून आलेल्या तणाने आपला उपयोग इथल्या बायकांना आणि गुराख्यांना कसा पटवला असेल, याचा विचार केला की मला खिरॉन आणि अकिलीसची गोष्ट फिकी वाटते. १९८० च्या दशकापासून भारतातल्या प्रयोगशाळांनी उंदरांच्या जखमांवर हा रस लावून पाहिला, त्यावर निबंध लिहिले. आजीने निबंधाची वाट पाहिली नव्हती.

पण बाबांनी मला जी गोष्ट त्या जुलैत गॅलरीत सांगितली, ती गावाकडची नव्हती, भोसरीची होती.

ते विशीत इथे आले आणि एका लहान प्रेस शॉपला लागले. नाव नको. पत्रा कापायचा, दाबायचा, दिवसाला हजारो तुकडे. पत्र्याची कड ब्लेडसारखी असते. हातमोजे मिळायचे, पण ते घालून काम हळू होतं म्हणून कुणी घालत नसे, आणि घाला असं कुणी म्हणतही नसे. शॉपच्या मागे, भंगाराच्या ढिगापाशी, मुरमाची एक पट्टी होती. तिथे दगडी पाला माजलेला. बारीकसारीक कापलं की पोरं मागे जायची, पाला चोळायची, वरून चिंधी बांधायची आणि परत मशीनवर. बीडचा, लातूरचा, विदर्भातला, प्रत्येक पोरगा त्याला वेगळं नाव घ्यायचा, पण उपयोग सगळ्यांना माहीत. फर्स्ट एडची पेटी होती, तिला कुलूप होतं.

२००९ मध्ये प्रेसखाली बाबांच्या डाव्या हाताची तर्जनी आली. वरचं एक पेर गेलं. तेव्हाही कुणीतरी आधी मागे पळालं आणि मूठभर पाला घेऊन आलं. "काय उपयोग होणार होता," बाबा म्हणाले, "पण त्याला तेच सुचलं." दवाखान्यात टाके पडले, धनुर्वाताचं इंजेक्शन झालं, जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून गोळ्या मिळाल्या. बोट बरं झालं, जेवढं उरलं तेवढं.

इथे माझ्या दोन्ही झाडांची हद्द संपते. पाला रक्त थांबवत असेल, जखमेत शिरलेला जंतू मारायला तो पुरत नाही. ऑक्सफर्डमध्ये फेब्रुवारी १९४१ ला अल्बर्ट अलेक्झांडर नावाच्या पोलिसाला पेनिसिलिन दिलं गेलं. उपचार म्हणून ते मिळालेला तो पहिल्या रुग्णांपैकी एक. बागेत गुलाबाचा काटा लागून जखम चिघळली अशी गोष्ट पुढे रूढ झाली. त्याच्या मुलीने नंतर सांगितलं, काटा नाही, बॉम्बहल्ल्यातली जखम होती ती. काही असो, पाच दिवसांत तो सुधारायला लागला आणि औषध संपलं. त्याच्या लघवीतून ते गाळून परत वापरलं, तेही संपलं. मार्चमध्ये तो गेला. त्यानंतर चौदा वर्षांनी पिंपरीच्या माळावर पेनिसिलिनचं उत्पादन होत होतं. ज्या माळावर ते झालं, त्यावर दगडी पाला नव्हता असं मला कुणी सांगितलं तरी पटणार नाही. तर कुणी कापलं-भाजलं असताना हा लेख वाचत असाल, तर पाला शोधू नका. साबण-पाणी लावा आणि डॉक्टर गाठा.

*

या वर्षी मी वुड्रोसाहेबांच्या काळची रीत धरली. पाऊस सरल्यावर, ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात, यॅरोचं उरलेलं बी पुन्हा भुरभुरलं. माती निम्मी, मुरूम निम्मा. मुरूम मोशीतल्याच एका बांधकामावरून बाबांनी पिशवीभर आणला. खत काही नाही. प्लास्टिकच्या कुंडीऐवजी मातीची, बुडाला खापऱ्या, कुंडी विटांवर उचललेली. रोपं बोटभर झाल्यावर शेंडे खुडले. डिसेंबरात पारा दहा-बाराच्या आसपास उतरला तसा त्यांनी जोर धरला. फेब्रुवारीअखेर एका रोपाला कळ्यांचा गुच्छ आला, मार्चमध्ये फुलला. पांढरा, किंचित गुलाबी झाक, बशीएवढाही नाही. पाकिटावरच्या फोटोपुढे गरीबच. पुढच्या जूनमध्ये कुंडी आत, छपराखाली घ्यायची असं ठरवलंय. जगलं तर जगलं, नाही तर ऑक्टोबर आहेच. इथे ते हंगामी झाड म्हणूनच लावावं, बारमाही म्हणून त्याच्याकडून आशा ठेवू नये.

कुंडीत काठाला दगडी पाला परत आलाय. त्याला मी बी घातलं नाही, पाणीही वेगळं घालत नाही. यॅरोच्या मुळांवर त्याचा पसारा चढतो म्हणून मी दोनदा उपटायला गेले. दोन्ही वेळा बाबांनी सांगितलं, थोडा कातर, उपटू नको. मग त्यांनीच शेजारी एक रिकामी रंगाची बादली ठेवली, तळाला भोकं पाडून, आणि त्यात तो लावला. डाव्या हाताने बादली धरली की आखूड तर्जनी कडेवर टेकत नाही, वरच राहते.

आज पाण्याचा दिवस नाही. बादलीवर दोन छोटी निळी फुलपाखरं आहेत.